पश्चिमेच्या खिडकीच्या झिलमिल्या

नागपुरात घर बांधताना पश्चिमेकडे शक्यतो जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली काढतात. मे महिन्यात दुपारी तीन ते सहा ती बाजू कशी तापते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण रस्ताच पश्चिमेला असेल तर बैठकीची खोली तिकडेच येते. धंतोलीतल्या ज्या बंगल्याबद्दल लिहिते आहे, तिथे असंच होतं. रस्त्याच्या बाजूला बैठक, आणि तिची भिंत तीन पाख्यांनी पुढे आलेली. मधला पाखा थेट पश्चिमेला, उजवा वायव्येला, डावा नैऋत्येला. तिन्ही पाख्यांना उंच खिडक्या आणि आत बसायला लाकडी कट्टा. आता अशा खिडकीला सगळे ‘बे विंडो’ म्हणतात.

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. या घरच्या सूनबाईंनी मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी. या खिडकीला आतून शटर्स बसवायची होती, आणि त्यांच्यापुढे चार नमुने होते: पांढऱ्या पीव्हीसीचे, अ‍ॅल्युमिनियमचे, लाकडाच्या भुशाच्या पाट्यांवर कागद चिकटवलेले आणि सागवानाचे. “ताई, यातलं कोणतं घेऊ तेवढं सांगा,” एवढीच त्यांची अपेक्षा होती. तो प्रश्न सोडवताना मी या कामात जे शिकले, ते इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

पुढे आलेली खिडकी हा घाट थंड देशातला. तिथे ऊन दुर्मीळ, म्हणून भिंत पुढे काढून तीन बाजूंनी उजेड गोळा करायचा. नागपूर १८६१ साली मध्य प्रांताची राजधानी झालं, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उभे राहिले, आणि तो घाट इथे रुजला. पुढे १९३६ साली इथे उच्च न्यायालय स्थापन झालं. वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांच्या कुटुंबांनी धंतोली आणि धरमपेठेत घरं बांधली आणि बंगल्यांच्या काही गोष्टी उचलल्या. पण इथल्या कारागिरांनी त्या खिडकीला बाहेरून आडव्या तिरप्या पट्ट्यांचे पल्ले लावले. म्हणजेच झिलमिल्या. जिथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गावात ही खिडकी झिलमिलीशिवाय राहूच शकत नाही. झिलमिली काढली की उरतो तो फक्त ऊन गोळा करण्याचा घाट.

या घरात नेमकं तेच झालं होतं. मागे केव्हातरी एका ठेकेदाराने जुने पल्ले काढून सरकत्या काचा बसवून दिल्या होत्या. तेव्हापासून बैठकीला जाड पडदे आले, आणि पडद्यामागे दिवसभर ट्यूबलाइट. कट्ट्यावर कोणी बसेनासं झालं.

नमुने बाजूला ठेवून मी आधी चौकट पाहिली. जुन्या घरात चौकट बरंच काही सांगते. सागवानी चौकटीच्या बाहेरच्या कडेला लांबीने भरलेल्या खाचा होत्या, कब्ज्यांच्या. रंग खरवडला तशा त्या एकेक दिसू लागल्या. प्रत्येक उभ्या बाजूला वर दोन, खाली दोन. म्हणजे पल्ले बाहेर उघडणारे आणि दोन मजल्यांचे होते, वरचा पल्ला वेगळा, खालचा वेगळा. आतल्या कडेलाही खाचा होत्या, त्या काचेच्या पल्ल्यांच्या. मध्ये लोखंडी गज. मागच्या अंगणातल्या लाकडाच्या खोलीत तर एक जुना पल्लाच सापडला, फळ्यांच्या ढिगावर झाकण म्हणून आडवा टाकलेला. हिरवा तेलरंग पोपडे धरून सुटला होता, खालची आडवी पट्टी कुजली होती. पण पट्ट्या शाबूत होत्या. बोटाने ठोकून पाहिलं तर लाकडाचा आवाज खणखणीत.

म्हणजे घराने या प्रश्नाचं उत्तर एकदा दिलेलं होतं. आता पाहायचं होतं ते एवढंच, की ते उत्तर आजच्या घराला किती पुरतं.

पहिला निर्णय आत की बाहेर. बाजारातली बहुतेक शटर्स खोलीच्या आतून, काचेच्या पाठीमागे लावायची असतात. दिसायला ती नीटस दिसतात, पुसायला सोपी जातात. पण ऊन एकदा काचेतून आत आलं की ते काचेमागच्या पट्टीवर पडतं, पट्टी तापते आणि ती ऊब खोलीतच राहते. काच उजेडाला आत सोडते, तापलेल्या वस्तूंची धग मात्र सहज बाहेर जाऊ देत नाही. झिलमिली बाहेर असेल तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. तापायचं ते लाकूड बाहेर तापतं आणि वाऱ्याला आपली ऊब देऊन टाकतं. थंड प्रदेशातल्या घराला आतलं शटर चालेल. नागपूरच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरचंच हवं. हे पटल्यावर चारांपैकी तीन नमुने आपोआप गळाले. भुशाच्या पाट्या पहिल्याच पावसात फुगल्या असत्या. पीव्हीसी अशा उन्हात पिवळं पडतं, लांब पल्ला असेल तर मऊ होऊन झोळ धरतं. अ‍ॅल्युमिनियम टिकतं, पण दुपारी त्याला हात लावता येत नाही. ज्या वस्तूला दिवसातून दोनदा हात लावायचा, ती चटका देणारी असून चालत नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. तिन्ही पाख्यांवर ऊन सारखं पडत नाही, आणि ते वर्षभर सारखंही राहत नाही. नागपूर २१ अक्षांशाच्या किंचित वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा दुपारी बाराचं ऊन खिडकीत येत नाही, छज्जा पुरतो. खरा त्रास नंतरचा. मेच्या मध्यावर चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो, साडेपाचला सोळाच्या आसपास. दोन फुटांचा छज्जा चार वाजता जेमतेम दीड फूट सावली देतो, साडेपाचला अर्ध्या फुटाहून थोडी जास्त. पाच फुटांच्या खिडकीला त्याचा काय उपयोग? तिरपं ऊन छज्जाने अडत नाही. ते खिडकीच्याच पातळीवर, उभ्या पल्ल्याने अडवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मी गच्चीवर होकायंत्र घेऊन घरच्यांना दाखवली. मे-जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे वीसेक अंश सरकून मावळतो. म्हणून संध्याकाळचं कडक ऊन पश्चिमेच्या आणि वायव्येच्या पाख्यावर येतं. नैऋत्येच्या पाख्यावर ते कडेकडेने सरपटत जातं. डिसेंबरात उलट होतं. सूर्य दक्षिणेकडे कलतो, भर दुपारीही पंचेचाळीस अंशांपर्यंतच चढतो, आणि दुपारभर नैऋत्येच्या खिडकीतून कट्ट्यावर ऊन येतं. ते ऊन हवंहवंसं असतं. वायव्येच्या पाख्याला हिवाळ्यात ऊन जवळजवळ मिळतच नाही. पाऊस मात्र नैऋत्येकडून झोडपतो. म्हणजे एका खिडकीचे तीन पाखे तीन वेगवेगळ्या गोष्टी मागत होते. तिन्हीला एकसारखा पल्ला लावला असता तर बाहेरून शोभा आली असती, आत कुठल्याच पाख्याचं काम नीट झालं नसतं.

मग पट्ट्या. त्या पक्क्या बसवायच्या की फिरत्या? जुन्या पल्ल्यात त्या पक्क्या होत्या, बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या. त्यांची मांडणी मोजली तेव्हा त्या कारागिराबद्दल माझ्या मनात फार आदर दाटून आला. पट्टी दोन इंच रुंद, ४५ अंशांत तिरपी. वरच्या पट्टीची बाहेरची खालची कड आणि खालच्या पट्टीची आतली वरची कड एकाच पातळीत. पल्ल्यासमोर उभं राहून डोळ्यांच्या पातळीत सरळ पाहिलं तर पलीकडचं काही दिसत नाही. यात सगळं गणित आहे. सूर्य मावळेपर्यंत क्षितिजाच्या वरच असतो. जिथून सपाट नजरही आत जात नाही, तिथून वरून येणारं ऊन जाणं शक्यच नाही. शिवाय अंगणावरून परतलेला मऊ उजेड खालून वर चढत आत येतो, वारा येतो, पावसाचं पाणी पट्टीवरून बाहेरच ओघळतं. एकही फिरणारा भाग नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. पश्चिम आणि वायव्य या दोन पाख्यांना आम्ही हीच मांडणी तशीच ठेवली. तिच्यात सुधारणा करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

नैऋत्येच्या पाख्याचा निर्णय मात्र आजींनी केला.

आजी म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई. नव्वदीच्या जवळ आलेल्या, गुडघ्यांनी थकलेल्या, बोटांचे सांधे आखडलेले. आम्ही सगळे लाकूड, उतार, पैसे यावर बोलत होतो. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बाई, मला बसल्या जागेवरून फाटकाशी कोण आलं ते दिसलं पाहिजे. आणि ते उघडायला मला दर वेळी कोणाला हाक मारावी लागू नये.”

फाटक नैऋत्येला होतं. पक्क्या पट्ट्यांतून आतल्या माणसाला खालची जमीन दिसते, लांबचं फाटक नाही. म्हणून त्या पाख्याला फिरत्या पट्ट्या हव्या होत्या. सुदैवाने बाकीची कारणंही त्याच बाजूची होती. पाऊस झोडपतो तेव्हा फिरत्या पट्ट्या मिटून एकमेकींवर बसवता येतात, आणि हिवाळ्यात आडव्या करून ऊन आत घेता येतं. पण या कामातला खरा धडा मला आजींच्या दुसऱ्या वाक्याने दिला. पल्ला उत्तम असला आणि तो हलवणारा हात त्याच्यापर्यंत पोचत नसला, तर तो महिनाभरात एकाच स्थितीत अडकून पडतो. नागपुरात अशा कितीतरी झिलमिल्या मी पाहिल्या आहेत, कायमच्या मिटलेल्या किंवा कायमच्या उघड्या. लोक म्हणतात, त्या जुन्या झाल्या. बहुतेक ठिकाणी त्या हाताबाहेर गेलेल्या असतात, एवढंच.

म्हणून पुढची सगळी मापं मी आजींच्या हातापासून काढली. त्या कट्ट्यावर नेहमी जिथे बसतात तिथे त्यांना बसवलं, हात सहज जिथवर जातो तिथे चौकटीवर खडूने खूण केली. पट्ट्या जोडणारी उभी दांडी साधारणपणे पल्ल्याच्या मध्यावर असते. आम्ही ती मध्यावर न ठेवता दोन गजांमधल्या मोकळ्या जागेसमोर आणली, कारण हात गजांतून जायचा होता. दांडी खाली वाढवून तिच्या टोकाला जाड, गोल लाकडी मूठ बसवली. चिमटीत धरायची नाही, चार बोटांनी ओढायची. पट्टीच्या दोन्ही टोकांना पितळी खुंट्या घातल्या, म्हणजे ती लाकडावर घासत नाही आणि श्रावणात जड होत नाही. वरचा पल्ला कोणीही सकाळी एकदा उघडून संध्याकाळी मिटला तरी चालणार होतं. खालचा आजींचा.

डासांचाही विचार करावा लागला. गजांवर कायमची जाळी ठोकली की हात बाहेर जात नाही, आणि झिलमिल्या तिथेच बंद पडतात. माझ्या पाहण्यात झिलमिल्या निरुपयोगी होण्याचं हे फार मोठं कारण आहे. म्हणून पश्चिम-वायव्येच्या पल्ल्यांना जाळी पल्ल्याच्याच आतल्या अंगाला, बारीक चौकटीत बसवली. पल्ला मिटला की जाळी मिटली, उघडला की तीही बाजूला झाली. नैऋत्येला दिवेलागणीला, सरकत्या काचांच्या जागी परत आणलेला आतला काचेचा पल्ला लावून घ्यायचा.

लाकूड घ्यायला लकडगंजात गेलो. आमचे मिस्त्री या भागात लहानपणापासून वावरलेले. टालीवर ते फळीचा वास घेतात, टोक पाहतात, ओल मोजायचं यंत्र मी नंतर लावते. एका नव्या कापाच्या फळीवर हात ठेवून ते म्हणाले, “मॅडम, हे अजून वाळूनच राह्यलं. आत्ता पल्ला केला तर श्रावणात चौकटीत घुसायचा नाही आणि मेमधे खुळखुळा होईन.” यंत्राचंही तेच मत होतं.

लाकूड हवेबरोबर ओल घेतं आणि सोडतं. नागपुरात मेच्या दुपारी हवा अगदी कोरडी असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच ओलीचिंब. बाहेरच्या लाकडातली ओल उन्हाळ्यात सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरते, पावसाळ्यात चौदा-पंधरापर्यंत चढते. सागवान इतर लाकडांच्या मानाने फार कमी हलतं, म्हणून तर ते घ्यायचं, पण हलतं हे नक्की. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत हलतं. दीड फूट रुंदीची अखंड फळी असेल तर या फरकाने ती दोन सुतांहून, म्हणजे पाव इंचाहून, अधिक फुगते-आकसते. तोच पल्ला झिलमिलीचा केला तर रुंदीत हलतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, साडेतीन-साडेतीन इंचांच्या. दोन्ही मिळून फरक एक सूत. मधल्या दोन इंची पट्ट्या स्वतःपुरत्या एक मिलिमीटरही हलत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये जागा असतेच. म्हणून झिलमिलीचा पल्ला इथल्या टोकाच्या ऋतूंत शहाण्यासारखा वागतो. आम्ही काम वैशाखात केलं, म्हणून फटी एक सूत मोकळ्या ठेवल्या. तेच काम भाद्रपदात केलं असतं तर फटी घट्ट ठेवल्या असत्या.

शेवटी नवं लाकूड घेतलंच नाही. महाल-इतवारीतले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचे सरे, तुळया, चौकटी जुन्या लाकडाच्या दुकानांत येतात. ते सागवान बहुतेक चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतलं, ज्याला व्यापारात अजूनही ‘सी. पी. सागवान’ म्हणतात. मध्य प्रांत जाऊन किती वर्षं झाली, पण लाकडाच्या नावात तो टिकून आहे. अशा तुळईची ओल कधीच स्थिरावलेली असते. फक्त तिच्यात खिळे लपलेले असतात, म्हणून आरामशीनवर चढवण्याआधी चुंबक फिरवून एकेक खिळा काढावा लागतो. आणि कडेचा फिकट पांढरा भाग निर्दयपणे कापून टाकावा लागतो. सागवानाला उधई लागत नाही असं म्हणतात, ते फक्त आतल्या गडद गाभ्याबद्दल खरं आहे. पांढरा भाग तिला कुठल्याही लाकडाइतकाच आवडतो.

पट्ट्यांसाठी मिस्त्रींनी तुळईचा काप असा घेतला, की पट्टीच्या तोंडावर रेषा सरळ उभ्या याव्यात. अशी पट्टी वाकत नाही. इथे ते फार गरजेचं होतं, आणि त्याचं कारण कूलर. नागपूरच्या घरात कूलर चालतो तेव्हा खोलीतली हवा ओलसर असते आणि बाहेर लू वाहत असते. त्यामुळे मेमध्ये झिलमिलीच्या पट्टीची आतली बाजू ओल घेते आणि बाहेरची कोरडी पडते. अशा ओढाताणीत चुकीच्या कापाची पट्टी पन्हळीसारखी वळते. लाकडाची ही परीक्षा कूलरच्या घरांत होते. परदेशी नमुन्यांच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नसतो.

तोवर या घरातला कूलर पश्चिमेच्याच खिडकीत, उन्हात ठेवलेला होता. तो आम्ही उत्तरेच्या खिडकीत नेला. कूलरला आत येणाऱ्या हवेइतकीच बाहेर जायची वाट लागते. ती नसली की खोली थंड होण्याऐवजी दमट होते. आता ती वाट पश्चिमेच्या झिलमिल्यांतून मिळाली. ऊन अडवणाऱ्या आणि हवा सोडणाऱ्या पल्ल्याची कूलरशी इतकी छान जोडी जमते की दोघांचा विचार एकत्रच करायला हवा.

कोपऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. शेजारच्या दोन पाख्यांमध्ये आतून १३५ अंशांचा कोन आहे. आत उघडणारे काचेचे दोन शेजारी पल्ले एकदम उघडले तर ते प्रत्येकी ६७.५ अंशांवर एकमेकांना भिडतात. बाहेरच्या बाजूला जागा जास्त, तिथे ते ११२.५ अंशांपर्यंत जातात, पण पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि वादळी वाऱ्यात आपटतात. मी पुठ्ठ्याचे पल्ले कापून चौकटीला चिकटवले आणि घरच्यांना ते उघडमिट करायला लावलं. कागदावरचा आराखडा पाहून कोणी काही बोलत नाही, पुठ्ठा हातात आला की सगळे बोलतात. त्यातून ठरलं की प्रत्येक पल्ला उभा दुमडणारा करायचा, म्हणजे उघडल्यावर तो निम्माच बाहेर येईल, आणि आकड्याने भिंतीशी पक्का अडकेल. हिवाळ्यात नैऋत्येच्या खिडकीवर त्याची सावलीही फारशी पडत नाही.

चौकटी अर्थातच गुण्यात नव्हत्या. इतक्या वर्षांत घर बसतं, खांब किंचित कलतात. एका खिडकीचे दोन कर्ण मोजले तर अर्ध्या इंचाचा फरक. कारखान्यात तयार झालेला काटकोनी पल्ला अशा चौकटीत बसवायला चौकट तासावी लागते. आमच्या मिस्त्रींनी पल्ले थोडे मोठे केले, जागेवर धरले आणि रंध्याने पल्ला चौकटीप्रमाणे घडवला. जुन्या घरात नवी वस्तू घरासारखी व्हायला हवी, घर वस्तूसारखं नव्हे. सांधे खाच-कुसवाचे, लाकडी खुंटीने पक्के केलेले. कब्जे आणि स्क्रू पितळी, कारण लोखंडाभोवती सागवानावर काळे डाग उमटतात. खालच्या आडव्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आणि तळाला बारीक खाच, म्हणजे पाणी आत न सरकता तिथूनच ठिबकेल. जुना पल्ला याच जागी कुजला होता.

रंगाबद्दल घरात दोन मतं होती. सूनबाईंना जुना हिरवा हवा होता, त्यांच्या यजमानांना चकचकीत पॉलिश. मी दोन्ही सोडून जवसाच्या उकळलेल्या तेलाची बाजू घेतली. चकचकीत थर या उन्हात तडकतो, मग पाणी तडीतून आत शिरतं आणि थराखाली अडकतं. पुन्हा लावायचा तर आधीचा सगळा खरवडावा लागतो. तेल लाकडात मुरतं. दरवर्षी पावसाळ्याआधी धूळ पुसून एक हात फिरवला की झालं, त्यासाठी कारागीर बोलवावा लागत नाही. आणि जवस तर विदर्भातलंच पीक. एक सूचना मात्र मी भिंतीवर लिहून ठेवली: तेलाची फडकी चुरगळून टाकायची नाहीत. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवायची.

त्या उन्हाळ्यात बैठकीतले जाड पडदे निघाले. दुपारी दिवा लागेनासा झाला. धंतोलीत आता दवाखाने दाटले आहेत, रस्त्यावर दिवसभर गाड्या आणि रुग्णवाहिका. त्या वर्दळीच्या नजरेपासून आड, तरीही वाऱ्याला मोकळा असा तो कट्टा पुन्हा बसायची जागा झाला. आजी मूठ ओढून पट्ट्या फिरवतात आणि फाटकाशी आलेल्याला आतूनच नाव घेऊन हाक मारतात. नातवंडांना कोणत्या वेळी कोणता पल्ला मिटायचा हे कोणी शिकवलं नाही, ती पाहून शिकली.

खर्चाचं विचाराल तर पीव्हीसीपेक्षा तो नक्कीच जास्त आला. पण पट्टी मोडली तर तेवढी एक पट्टी बदलता येते, पूर्ण पल्ला बदलावा लागत नाही. ही वस्तू आयुष्यभर दुरुस्त होत राहते. माझ्या दृष्टीने जुन्या घरात कोणतीही वस्तू निवडताना लावायची ही पहिली कसोटी आहे.

विदर्भाच्या सागवानाचं मोल देशाला ठाऊक आहे. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात नागपूरहून गेलेलं सागवान आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं. लाकडी कोरीवकामाने नटलेला इथला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली आगीत गेला. त्यामागचं कसब मात्र सुतारांच्या हातांत उरलं आणि बंगल्यांच्या झिलमिल्यांत उतरलं. आज ते कसब असलेले हात कमी होत आहेत, आणि ते टिकायचे तर त्यांना काम मिळायला हवं. सभागृहांचं नव्हे, आपल्या घरातल्या खिडक्यांचं.

म्हणून ज्यांच्या घरी जुन्या झिलमिल्या असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या काढू नका. काढाव्याच लागल्या तर प्रत्येक पल्ल्यावर कुठल्या खिडकीचा ते खडूने लिहून कोरड्या जागी उभ्या ठेवा. कुजलेली खालची पट्टी बदलता येते, सैल कब्जा बसवता येतो, जाम झालेली दांडी सुटते. आणि नव्या करायच्या असतील तर दुकानात जाण्याआधी एक दिवस त्या खिडकीपाशी बसा. ऊन कुठून येतं, पाऊस कुठून, वारा कुठून ते पाहा. मग घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला तिथे बसवा आणि त्याचा हात कुठवर पोचतो ते बघा. लाकूड, पट्टी, कोन हे सगळं त्यानंतर ठरवा.